खऱ्या उत्तराची किंमत: ऑस्ट्रेलियातील आदिवासी माता, त्यांचे मन आणि त्यांची बाळे

नवजात बाळाच्या प्रकृतीचा अंदाज घेताना जगभर दोन साध्या मोजमापांचा आधार घेतला जातो: ते किती आठवडे आईच्या पोटात राहून जन्मले आणि जन्मताच त्याचे वजन किती भरले. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती मुदतपूर्व समजली जाते, आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे मानले जाते. ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशात, जिथे जवळजवळ प्रत्येक बाळंतपण प्रशिक्षित हातांखाली होते, तिथे या दोन्ही बाबतींत एकूण आकडे समाधानकारक आहेत. परंतु तेच आकडे समाजनिहाय मांडले की त्यांत एक मोठी फट दिसू लागते. मुख्य भूमीवरील ॲबोरिजिनल आणि उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील मूळ रहिवासी मिळून देशाच्या लोकसंख्येत जेमतेम चार टक्के भरतात, आणि त्यांच्यातील शंभर बाळांपैकी सुमारे चौदा बाळे मुदतीआधी जन्मतात, तर इतर समाजात हे प्रमाण आठाच्या आसपास आहे. कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच मृत्यू पावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे तिप्पट.

या तफावतीची जी कारणे सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे दिली गेली, ती खोटी नव्हती. आदिवासी मातांमध्ये गरोदरपणातील धूम्रपानाचे प्रमाण २००९ मध्ये निम्म्याहून थोडे अधिक होते आणि पुढच्या दहा वर्षांत घटूनही ते चाळीस टक्क्यांच्या वरच राहिले. पहिली तपासणी उशिरा होते. मधुमेह आणि मूत्रमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात. मातांचे वय तुलनेने कमी असते. मात्र ही यादी बाईच्या वर्तनापाशी येऊन थांबते आणि ती धूम्रपान का सोडू शकत नाही, तपासणीला का जात नाही, हा पुढचा प्रश्न विचारतच नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांनी, आणि त्यातही स्वतः आदिवासी असलेल्या स्त्री संशोधकांनी, हा प्रश्न धरून ठेवला, तेव्हा या सगळ्या कारणांच्या तळाशी गरोदर स्त्रीच्या मनाची अवस्था आणि ती अवस्था घडवणारा इतिहास दिसू लागला.

मनावरचा ताण गर्भापर्यंत पोहोचतो कसा, हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे. धोक्याची जाणीव झाली की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पियुषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते, आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. गरोदरपणात कॉर्टिसॉल तसेही वाढलेले असते, कारण गर्भाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी ते आवश्यक असते. पण ते अवेळी आणि अतिरिक्त प्रमाणात गर्भापर्यंत जाऊ नये यासाठी वारेमध्ये एक विकर पहारा देत असते आणि आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्क्रिय करून टाकते. ताण दीर्घकाळ टिकला तर हा पहारा ढिला पडू शकतो. शिवाय वार स्वतःही ताणाचे एक संप्रेरक तयार करते, त्याची पातळी प्रसूती जवळ येईल तशी वाढत जाते आणि प्रसूती केव्हा सुरू व्हायची हे ठरवण्यात तिचा वाटा असतो. ही पातळी लवकर चढली तर प्रसूतीही लवकर होण्याची शक्यता वाढते. दीर्घ ताणाने शरीरात सौम्य दाह टिकून राहतो आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहावरही परिणाम होऊ शकतो. या शारीरिक वाटांना समांतर अशी एक रोजच्या जगण्यातली वाटही असते: झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, सिगारेट हाच घटकाभराचा आधार बनलेला आणि दवाखान्याची पायरी चढण्याचे बळ उरलेले नाही, अशी ती अवस्था.

त्याचे परिणाम जन्माच्या दिवशी संपत नाहीत. मूत्रपिंडातील गाळण्या, म्हणजे रक्त शुद्ध करणारे सूक्ष्म घटक, जन्मापूर्वीच तयार होतात आणि त्यानंतर त्यांची संख्या वाढत नाही. त्यामुळे पोटात नीट न वाढलेले बाळ आयुष्यभर कमी गाळण्यांवर निभावते. उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहराच्या उत्तरेकडील तिवी बेटांवर झालेल्या संशोधनात कमी जन्मवजन आणि प्रौढपणीचा मूत्रपिंडविकार यांचा संबंध स्पष्ट दिसला, आणि डायलिसिसच्या खुर्चीत आठवड्यातून तीन दिवस बसणाऱ्या मध्यमवयीन आदिवासी स्त्री-पुरुषांची संख्या पाहता हा संबंध कागदावरचा नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गरोदरपणातील नैराश्य किंवा चिंताविकार आणि मुदतपूर्व प्रसूती, कमी वजन यांचा संबंध जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून सातत्याने दिसतो, पण तो मध्यम स्वरूपाचा आहे. आणि धूम्रपान, गरिबी, हिंसा हे घटक मनाच्या आजाराशी इतके गुंतलेले असतात की कोणाचा वाटा किती, हे काटेकोरपणे वेगळे काढता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९५ पासून जन्मनोंदी, रुग्णालयातील नोंदी, मानसिक आरोग्यसेवेच्या आणि मृत्यूच्या नोंदी व्यक्तीची ओळख झाकून एकमेकींशी जोडण्याची व्यवस्था आहे, आणि तिच्या आधारे हजारो माता व बाळांचा मागोवा घेता येतो. परंतु अशा नोंदींत केवळ तीच बाई सापडते जिच्या आजाराचे कोणी तरी निदान केले. जी कधी डॉक्टरपर्यंत गेलीच नाही तिचे दुःख आकड्यांत उतरत नाही. म्हणून प्रत्यक्ष स्त्रियांशी बोलून केलेल्या अभ्यासांचे मोल वेगळे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात असा एक अभ्यास झाला. जुलै २०११ ते जून २०१३ या काळात आदिवासी बाळाला जन्म दिलेल्या ३४४ स्त्रियांशी, मुख्यतः आदिवासी समाजातीलच संशोधक स्त्रियांनी संवाद साधला आणि गरोदरपणात काय काय सोसावे लागले ते विचारले. निम्म्याहून अधिक जणींनी त्या नऊ महिन्यांत तीन किंवा अधिक गंभीर अडचणी आल्याचे सांगितले, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जणींच्या बाबतीत ही संख्या पाच किंवा त्याहून जास्त होती. सर्वांत जास्त वेळा आलेल्या गोष्टी होत्या घरातली भांडणे, राहण्याच्या जागेचा प्रश्न आणि जवळच्या माणसाचा मृत्यू. बाळंतपणानंतर मानसिक क्लेशाची पातळी उच्च किंवा अत्युच्च असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश निघाले. भांडणे, घर आणि मृत्यू या तीन गोष्टींकडे बारकाईने पाहिले तर लक्षात येते की यांतली एकही केवळ औषधाने बरी होणारी नाही. दाटीवाटीच्या सरकारी घरात तीन कुटुंबे राहत असतील तर भांडणे होणारच. आणि ज्या समाजात माणसे चाळिशी-पन्नाशीतच हृदयविकाराने, मूत्रपिंडविकाराने किंवा आत्महत्येने जातात, तिथे गरोदरपणाच्या काळात एखादे तरी सुतक येणारच. अशा स्त्रीच्या कागदावर केवळ नैराश्याचे निदान लिहून तिला गोळ्या देणे म्हणजे घराचे छप्पर गळत असताना फक्त फरशी पुसत राहणे होय.

आदिवासी समाजाची स्वतःची आरोग्याविषयीची धारणा या बाबतीत अधिक व्यापक आहे. १९८९ च्या राष्ट्रीय आदिवासी आरोग्य धोरणात आरोग्य म्हणजे एकट्या व्यक्तीचे शारीरिक स्वास्थ्य नसून संपूर्ण समुदायाचे सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य होय, अशी भूमिका घेतली गेली. पुढे पॅट डजन या किंबर्ली प्रदेशातील बार्डी समाजाच्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धारणेला शास्त्रीय चौकट दिली. तिच्यात शरीर, मन आणि भावना, कुटुंब व नातेसंबंध, समुदाय, संस्कृती, आपली भूमी, आणि अध्यात्म व पूर्वज अशी सात अंगे मानलेली आहेत, आणि यांतल्या कोणत्याही अंगाशी नाते तुटले की माणूस आजारी पडतो असे ती सांगते. डजन या ऑस्ट्रेलियातील पहिल्या आदिवासी मानसशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या जातात. ही चौकट म्हणजे पाश्चात्त्य मानसोपचाराला जोडलेले सांस्कृतिक शेपूट नव्हे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर ती अधिक काटेकोर ठरते, कारण बाळंतपणात हे सातही धागे एकाच वेळी ताणले जातात.

यांतला कुटुंबाचा धागा राज्यसंस्थेने जाणूनबुजून तोडला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने मुख्य संरक्षक नावाच्या अधिकाऱ्याला सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी मुलाचे कायदेशीर पालकत्व देऊन टाकले. आईबाप हयात असले तरी त्यांचा हक्क दुय्यम ठरला. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन न्यायालयासमोर न जाताही मुले उचलण्याची मुभा मिळाली. मिश्र वंशाच्या मुलांवर विशेष डोळा होता, कारण त्यांना गोऱ्या समाजात विरघळवून टाकता येईल अशी समजूत होती. रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्या नेतृत्वाखालील चौकशीचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि साधारण १९१० ते १९७० या काळात आदिवासी मुलांपैकी दहापैकी एक ते तीनपैकी एक एवढी मुले कुटुंबांपासून जबरदस्तीने वेगळी केली गेल्याचा अंदाज त्यात मांडला गेला. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत या मुलांची, म्हणजे ज्यांना चोरलेल्या पिढ्या म्हटले जाते त्यांची, देशाच्या वतीने क्षमा मागितली.

या पिढ्या इतिहासजमा झालेल्या नाहीत. आजच्या प्रौढ आदिवासींपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक त्यांचे वंशज आहेत. वसतिगृहात, मिशनच्या आवारात, शिट्टीवर उठून शिट्टीवर झोपलेली मुलगी पुढे आई होते तेव्हा तिच्यापाशी मूल कुशीत घेण्याची स्वतःची आठवण नसते. तिच्या मुलीने तिच्यात पाहिलेले असते ते अबोलपण किंवा भय. तस्मानियाच्या पलावा समाजातील कॅथरिन चेंबरलेन या मूळच्या सुईण, आणि त्यांनी मेलबर्नमध्ये उभ्या केलेल्या संशोधनप्रकल्पात नेमका हाच विषय आहे: बालपणी झालेले खोल आघात गरोदरपणात कसे पुन्हा वर येतात. पोटात वाढणारे बाळ, परक्या हातांनी केलेली अंतर्तपासणी, रात्रीचे रडणे, या साध्या गोष्टीही जुन्या जखमेला धक्का देऊ शकतात. पण त्याच संशोधनातून हेही पुढे आले की मूल होणे हा काळ सावरण्याचीही मोठी संधी असतो, कारण आपल्या वाट्याला आले ते या बाळाच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही, अशी ओढ आईबापांच्या मनात याच वेळी सर्वाधिक असते.

आणि नेमक्या याच वेळी राज्यसंस्था पुन्हा दारात उभी राहते. आज कायद्याची भाषा वंशाची नसून बालसंरक्षणाची आहे, हे खरे. काही मुलांना घरात खरोखर धोका असतो, हेही खरे. तरीसुद्धा कुटुंबाबाहेर शासकीय देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांचे प्रमाण आदिवासींमध्ये इतरांच्या सुमारे दहापट आहे, आणि अनेक राज्यांच्या कायद्यांत तर बाळ जन्मण्याआधीच, ते पोटात असताना, त्याच्याविषयी बालसंरक्षण खात्याकडे तक्रार नोंदवण्याची सोय आहे. अशा तक्रारी बहुतेक वेळा ज्यांच्याकडून होतात ते लोक म्हणजे रुग्णालयातील परिचारिका, सुईणी, समाजसेविका. म्हणजे ज्यांच्याजवळ मन मोकळे करावे अशी अपेक्षा असते तेच. बाळंतपणाच्या खाटेवरून, पहिले दूध पाजून होण्याच्या आतच बाळ नेले गेल्याच्या घटना प्रत्येक समुदायाला ठाऊक असतात, आणि त्या ऐकलेली पुढची गरोदर बाई काय शिकते हे सांगायला नको.

म्हणून मनाच्या तपासणीचा प्रश्न इथे अवघड होऊन बसतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९८७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे तयार झाली. तिच्यात दहा प्रश्न आहेत: गेल्या सात दिवसांत हसू येत होते का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, झोप लागली नाही इतके दुःख झाले का, आणि शेवटी स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त तीस, आणि साधारण तेरा किंवा अधिक गुण आले की पुढील तपासणी. कोणत्याही मध्यमवर्गीय उपनगरात दहा मिनिटांत उरकणारी ही गोष्ट आहे. पण जिच्या आईची किंवा आजीची ताटातूट झालेली आहे, जिच्या बहिणीचे बाळ खात्याने नेले आहे, ती स्त्री हा कागद हातात घेते तेव्हा तिच्या लेखी प्रश्न एकच असतो: हे उत्तर कोण वाचणार? दहाव्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे तर मदत मिळेल की बाळ जाईल, याचा हिशेब ती मनात करते, आणि सगळीकडे शून्यावर खूण करून कागद परत देते. तिची बेरीज निरोगी स्त्रीची निघते. दवाखान्याच्या नोंदीत तिला काही त्रास नसतो. या खोट्या उत्तराला अज्ञान किंवा असहकार म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या परिस्थितीचा विचार करून आईने बाळाच्या रक्षणासाठी घेतलेला तो निर्णय असतो.

वायव्य टोकाच्या किंबर्ली प्रदेशात या अडचणीवर एक वेगळा तोडगा निघाला. हा प्रदेश सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राहून बराच मोठा, पण लोकवस्ती चाळीस हजारांच्या आत-बाहेर. त्यांत आदिवासींचे प्रमाण मोठे आहे आणि अनेकींची घरातली बोली स्थानिक भाषा किंवा क्रिऑल असते. एडिंबराच्या प्रश्नावलीतील इंग्रजी वाक्प्रचार आणि ‘बहुतेक वेळा’, ‘कधी कधी’, ‘फारसे नाही’ अशा बारीक पायऱ्या तिथल्या स्त्रियांना आणि आरोग्यसेविकांना परक्या वाटत होत्या. तेव्हा तिथल्याच अनेक स्त्रियांच्या सल्ल्याने किंबर्ली मातृमनोदशा मापिका तयार करण्यात आली. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात जुनेच दहा प्रश्न, पण स्थानिक बोलण्याच्या वळणात आणि उत्तरांसाठी चित्रांचा आधार घेऊन. दुसऱ्या भागात कागद बाजूला पडतो आणि आरोग्यसेविका व गरोदर स्त्री यांच्यात गप्पा होतात. आदिवासी समाजात अशा निवांत, एकमेकींचे ऐकून घेणाऱ्या गप्पांना माहिती देण्याघेण्याच्या रीतीचा मान आहे. या गप्पांत लहानपण कसे गेले, घरात आधार कोणाचा आहे, जोडीदाराशी कसे जमते, दारू किंवा इतर नशेचा त्रास आहे का, आणि कशाच्या बळावर तू उभी आहेस, हे सगळे येते. शेवटी जोखीम किती हे केवळ बेरजेवरून ठरत नाही. दोन्ही भाग एकत्र पाहून ठरते. त्यामुळे एखादीचे गुण जास्त असूनही तिच्याभोवती आजी, मावश्या आणि खंबीर नवरा असेल तर ते लक्षात येते, आणि एखादीचे गुण कमी असूनही ती काही झाकते आहे हे चाणाक्ष आरोग्यसेविकेला गप्पांतून उमगते. डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केलेल्या निदानाशी ताडून पाहिले असता ही मापिका भरवशाची ठरली आणि किंबर्लीतील दवाखान्यांत ती वापरात आली.

याच दिशेने पर्थच्या मर्डॉक विद्यापीठात रोंडा मॅरियट या न्यिकिना समाजातील सुईण-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅब्लेटवरचे एक साधन तयार केले. त्यात स्त्री आवाज ऐकत, चित्रांना स्पर्श करत पुढे जाते, आणि सुरुवात तिच्यात काय बिघडले आहे इथून न होता तिच्यापाशी काय बळ आहे इथून होते. प्रश्नांचा क्रम बदलल्याने काय एवढे साधणार, असे वाटू शकते; परंतु जिने आयुष्यभर प्रत्येक कार्यालयात फक्त आपल्या उणिवाच मोजल्या जाताना पाहिल्या आहेत, तिच्या दृष्टीने हा बदल किरकोळ नाही.

भूमीशी असलेल्या धाग्याचीही हीच कथा आहे. डार्विन राजधानी असलेल्या नॉर्दर्न टेरिटरीतील दूरच्या वस्त्यांमधील आरोग्यकेंद्रांत नियोजित बाळंतपणे होत नाहीत. साधारण अडतिसाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि जोखीम असेल तर त्याआधीच, गरोदर स्त्रीला विमानाने डार्विन, कॅथरिन किंवा ॲलिस स्प्रिंग्ज येथे नेले जाते, आणि कळा सुरू होईपर्यंत ती वसतिगृहात दिवस काढते. मोठी मुले मागे राहतात, बरोबर कोणा वडीलधाऱ्या बाईने यायचे म्हटले तर तिचा खर्च सरसकट मिळतोच असे नाही, आणि आजूबाजूला तिची भाषा बोलणारे बहुधा कोणी नसते. पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यावे, आईच्या हातचे खावे, अशी ज्या समाजाची रीत आहे त्या मराठी वाचकाला या व्यवस्थेतले उलटेपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: इथे लेकीला माहेराहून उचलून परक्या गावी नेले जाते. रक्तस्राव झाला तर शस्त्रक्रियेची सोय हवी, हा डॉक्टरांचा युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र जोखमीच्या या हिशेबात एकटेपणाची, घरच्या काळजीची आणि त्यामुळे चुकवलेल्या तपासण्यांची जोखीम कधी धरलीच जात नाही. अनेक स्त्रिया विमान टाळण्यासाठी दिवस गेल्याचे लपवतात किंवा ठरल्या दिवशी सापडतच नाहीत, आणि मग सुरक्षिततेसाठी आखलेल्या व्यवस्थेमुळेच असुरक्षित बाळंतपण घडते.

आर्नम लँडच्या किनाऱ्यावरील मनिंग्रिडा ही डार्विनपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास असलेली वस्ती. पावसाळ्यात तिचा रस्ता बंदच होतो. तिथल्या बुरारा समाजातील ज्येष्ठ सुईण आणि आरोग्यसेविका मॉली वार्डागुगा यांनी बाळंतपणे पुन्हा आपल्या भूमीवर व्हावीत, वडीलधाऱ्या बायांच्या सोबतीने व्हावीत, हा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सू किल्डी आणि पश्चिम किंबर्लीच्या इवेट रो यांनी पुढे चार्ल्स डार्विन विद्यापीठात मॉली यांच्या नावाने संशोधन केंद्र चालवले. एल्को बेटावरील गालिविंकू येथे योल्ङू स्त्रियांना बाळंतिणीची सोबत करण्याचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रमही याच विचारातला. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये तर १९८० च्या दशकातच आज्यांच्या कायद्यानुसार चालणारे अलुकुरा हे स्त्रियांचे केंद्र उभे राहिले होते, आणि १९९३ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत सुरू झालेल्या एका कार्यक्रमात समाजातील मान असलेल्या बायांनाच गरोदर मुलींच्या मागे उभे करण्यात आले. तपासणीच्या टेबलाबरोबर जुने विधीही जपले गेले: निखाऱ्यांवर ठरावीक झुडपाची हिरवी पाने टाकून त्या दाट धुरात बाळाला आणि आईला शेकायचे, म्हणजे ती दोघे बळकट होतात आणि त्यांची ओळख त्या भूमीला पटते, अशी श्रद्धा आहे.

हे सारे मनाला पटणारे असले तरी मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण त्याने घटते का, याचे ठोस उत्तर ब्रिस्बेनमधून आले. आदिवासींपैकी बहुसंख्य लोक वाळवंटात नव्हे तर शहरांत आणि गावांत राहतात, हे विसरले जाते. म्हणून हा प्रयोग महानगरात झाला हे महत्त्वाचे. २०१३ मध्ये आदिवासींच्याच नियंत्रणाखालील दोन आरोग्यसंस्था आणि मेटर मदर्स हे मोठे प्रसूतिरुग्णालय यांनी मिळून एक प्रसूतिसेवा सुरू केली. प्रत्येक गरोदर स्त्रीला एक ठरलेली सुईण मिळते; ती पहिल्या तपासणीपासून बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत बदलत नाही आणि दिवसरात्र फोनवर उपलब्ध असते. तिच्या जोडीला आदिवासी समाजातील कुटुंब-साहाय्यिका असते, ती तपासणीला गाडीने नेते-आणते, घराच्या अर्जासाठी कार्यालयात बरोबर जाते, आणि बालसंरक्षण खात्याचे पत्र आलेच तर ते उघडताना शेजारी बसते. तपासण्या रुग्णालयाच्या बाहेर, समाजाच्या स्वतःच्या केंद्रात होतात, जिथे इतर गरोदर बायाही भेटतात. प्रसूती मात्र रुग्णालयातच होते.

या सेवेचे निष्कर्ष २०२१ मध्ये लॅन्सेटच्या जागतिक आरोग्याला वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवेतील आदिवासी स्त्रियांच्या तुलनेत, इतर घटकांचा हिशेब करूनही, इथे मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता ३८ टक्क्यांनी कमी आढळली. पाच किंवा अधिक तपासण्या करून घेणाऱ्या स्त्रिया वाढल्या आणि निव्वळ स्तनपानावर बाळाला घरी नेणाऱ्याही वाढल्या. स्त्रियांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे हा अभ्यास निर्णायक पुराव्याच्या सर्वोच्च पायरीवर बसत नाही. पण मुदतपूर्व प्रसूती इतकी घटवणारे औषध जर कोणत्या कंपनीला सापडले असते, तर ते एव्हाना देशभर पोहोचले असते. पुढील विश्लेषणात प्रत्येक माता-बालक जोडीमागे सरकारचे सुमारे ४,८०० ऑस्ट्रेलियन डॉलर वाचल्याचेही दिसले, कारण अतिदक्षता विभागातले दिवस कमी झाले. आणि याहून महत्त्वाची गोष्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली: या सेवेतील मातांची नवजात बाळे खात्याने ताब्यात घेण्याचे प्रमाणही कमी होते. सोबतीला विश्वासाचे माणूस असले की घराचा, हिंसेचा, नशेचा प्रश्न बाळ जन्मण्याच्या कितीतरी आधी पुढे येतो आणि त्यावर काही करता येते. भीती कमी झाली की बाई खरे बोलते, आणि ती खरे बोलली की बाळ तिच्याकडे राहण्याची शक्यता वाढते.

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र आणि राज्य सरकारांनी आदिवासी संघटनांबरोबर २०२० मध्ये केलेल्या राष्ट्रीय करारात २०३१ पर्यंत गाठायच्या उद्दिष्टांपैकी दोन इथे महत्त्वाची आहेत. निरोगी वजनाच्या आदिवासी बाळांचे प्रमाण २०१७ मधील ८८.८ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर न्यायचे, हे एक. आणि कुटुंबाबाहेर ठेवल्या जाणाऱ्या मुलांमधील आदिवासींचे अवाजवी प्रमाण ४५ टक्क्यांनी घटवायचे, हे दुसरे. पहिले आरोग्य खात्याकडे, दुसरे बालसंरक्षण खात्याकडे, आणि दोघांचे अर्थसंकल्प वेगळे. पहिल्यातला आकडा पुढील काही वर्षे ८९ च्या आसपासच घुटमळत राहिला; दुसऱ्यातली परिस्थिती सुरुवातीच्या वर्षांत सुधारण्याऐवजी बिघडली. ब्रिस्बेनच्या अनुभवावरून तरी ही दोन उद्दिष्टे एकाच बाईच्या एकाच गरोदरपणात भेटतात असे दिसते, आणि जोवर ती दोन वेगळ्या टेबलांवर मोजली जातील तोवर दोन्ही आकडे जागचे हलण्याची शक्यता कमी आहे. त्यातच देशातील नोंदणीकृत सुईणींमध्ये आदिवासी स्त्रिया दोन टक्क्यांहून कमी आहेत, तर बाळंत होणाऱ्या दर शंभर स्त्रियांत पाचएक आदिवासी असतात. हे अंतर भरून काढायला आदिवासी मुलींना त्यांच्या गावाजवळ राहून शिकता येईल असे सुईणीचे शिक्षण, त्या काळातील विद्यावेतन आणि नंतर समाजाच्या स्वतःच्या संस्थांमध्ये कायम नोकऱ्या लागतील. आजवर अशा सेवांना मिळालेला निधी बहुतांशी दोन-तीन वर्षांच्या मुदतीचा राहिला आहे, आणि एका सुईणीला तयार व्हायलाच तीन वर्षे लागतात.